कब्रस्तानाकडचा गोल

सर्व संबंधितांस, तसेच असंबंधितांस, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की दिल्ली गेटजवळच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, कब्रस्तानाच्या बाजूला जो गोल आहे, त्या गोलमध्ये बरीच वर्षं एक भूत नेमणुकीवर होतं. हे भूत मराठी होतं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून रीतसर निवृत्त झालेलं होतं, त्याची पेन्शन त्याच्या पत्नीला नियमित मिळत होती, आणि ती पत्नी म्हणजे माझी सख्खी आत्या. सदर भुताविषयी मैदानावर ज्या अफवा आहेत, त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत. उरलेल्या निम्म्या मी स्वतः पसरवल्या आहेत, पण त्या खऱ्या आहेत.

एवढ्या गंभीर सुरुवातीबद्दल क्षमा असावी. आमच्या मयूर विहारच्या गणेशोत्सवात गेली कित्येक वर्षं माइक माझ्या हातात असतो. त्यामुळे हरवलेली चप्पल असो की आरतीची वेळ, माझ्या तोंडून सगळं राष्ट्राला उद्देशून निघतं. पण या गोष्टीतला एक भाग असा आहे की तो आठवला की भर मे महिन्यातही माझ्या हातावर काटा येतो. तो भाग आला की मी आवाज खाली आणीन. तोवर मजेत ऐका.

आत्याच्या यजमानांना आतोबा म्हणतात. दिल्लीत वाढलेल्या पोरांना हा शब्द माहीत नसतो, ती सरळ फूफाजी म्हणतात. आतोबांना ते मुळीच खपत नसे. त्यांचं म्हणणं, फूफाजी म्हणजे लग्नात रुसून बसणारा माणूस. मी गोलकीपर आहे, मला रुसायला वेळ कुठे?

ते उंच, काटकुळे, अमरावतीकडचे. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि मंत्रालयाच्या संघात गोलकीपर. जानेवारीतल्या मॅचला आत्याने विणलेली तपकिरी कानटोपी घालून उभे राहायचे, तेव्हा समोरच्या फॉरवर्डला वाटायचं की गोलमध्ये कुणी आजारी माणूस विसरला आहे. मग तो आजारी माणूस आडवा उडायचा आणि चेंडू बाहेर. हाफटाइमला आत्या स्टीलच्या डब्यातून मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी पाठवायची. त्या चोखून सालं ते खिशात ठेवत, मैदानावर टाकत नसत.

आणि एक सवय. मॅच सुरू होण्याआधी ते बोटांच्या पेरांनी आधी डाव्या खांबावर वाजवायचे, मग उजव्या. लोखंडी पोकळ खांब. टण्. टण्. आवाज वरच्या पायरीपर्यंत यायचा. कुणाच्या घरात शिरण्याआधी कडी वाजवावी तसा. मी शाळेत होते तेव्हा त्यांना विचारलं होतं की हे कशाला. त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे कडुनिंबाची झाडं आणि थडग्यांच्या रांगा. म्हणाले, एवढी माणसं झोपली आहेत, आता जरा गडबड होणार आहे हे त्यांना सांगायला नको?

आता या स्टेडियमची हकिकत सांगायला हवी, कारण भूत कुठेही राहत नाही, त्याला तशी जागा लागते. पुढच्या बाजूला बसचा अड्डा. एके काळी तिथून लाहोरची बस सुटायची आणि पहाटे पोलिसांच्या गराड्यात म्हाताऱ्या बायका कपड्यांची बोचकी सांभाळत उभ्या असायच्या. एका अंगाला क्रिकेटचं मोठं स्टेडियम, श्रीमंत थोरल्या भावासारखं, याच्याकडे ढुंकूनही न बघणारं. त्याला लागून जुन्या कोटल्याचे, म्हणजे किल्ल्याचे, पडके तट. तिथे दर गुरुवारी लोक मेणबत्त्या लावतात आणि जिन्नांना, म्हणजे तिथे राहतात असं मानलेल्या अदृश्य जीवांना, अर्ज लिहून भिंतीच्या कोनाड्यांत ठेवतात. नोकरी मिळू दे, मुलगी नांदू दे. दिल्लीत मंत्रालयाकडे अर्ज करून थकलेला माणूस शेवटी जिन्नाकडेच जाणार. आणि पाठीमागे कब्रस्तान. म्हणजे एकीकडे निघून जाणारे, एकीकडे ऐकणारे, एकीकडे झोपलेले, आणि मध्ये आमची फुटबॉलची मॅच.

बांधलं फुटबॉलसाठी. पण दिल्लीत कुठलीही मोकळी जागा एकाच कामाला ठेवली जात नाही. इथे पोलीसभरतीला आलेली हरियाणाची पोरं अनवाणी धावली. शाळांची कवायत झाली, कुस्त्यांचे फड लागले, बाबा-महाराजांची प्रवचनं झाली. निवडणुकीच्या वेळी इथेच मतपेट्यांचे ट्रक उभे राहायचे. एकदा सामूहिक विवाह झाला. मधल्या वर्तुळात होम, आणि बाजूच्या रेषेला धरून नवरदेवांची रांग. दुसऱ्या दिवशी लीगची मॅच होती. गोलच्या तोंडाशी अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या तशाच पडलेल्या. आतोबा मॅच सुरू व्हायच्या आधी वाकून एकेक दाणा वेचत होते, कारण आशीर्वादावर पाय पडू नये. रेफरी शिट्टी तोंडात धरून वाट बघत उभा.

दुपारी मैदान रिकामं असतं तेव्हा या सगळ्याचं काहीतरी मागे राहिलेलं जाणवतं. पायऱ्यांवर कुणी नसतं आणि तरी आपण उशिरा आलो, सगळे आत्ताच उठून गेले असं वाटतं. दिव्यांच्या खांबांवर घारी बसलेल्या असतात. ओल्या चुन्याचा वास असतो. मी बोलकी बाई आहे, पण त्या वेळी तिथे मी कधी मोठ्याने बोललेले नाही.

आतोबांची शेवटची मॅच म्हणजे मंत्रालयांच्या स्पर्धेची फायनल. बरोबरी चालू होती. शेवटी शेवटी कब्रस्तानाकडच्या गोलवर समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. आतोबा उजवीकडे झेपावले. चेंडू डावीकडून गेला. झालं एवढंच. संघ हरला, आतोबांनी खेळ सोडला, पुढे नोकरीतून निवृत्त झाले. ती पेनल्टी मात्र निवृत्त झाली नाही. कुणाच्याही लग्नात जेवणाच्या पंगतीत ते वाटी म्हणजे चेंडू, मीठ म्हणजे रेषा असं मांडून दाखवायचे की मारणाऱ्याचा पाय कसा वळला होता आणि आपल्याला ते कसं दिसायला हवं होतं. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात होते. बोलणं जवळपास थांबलं होतं. पण चादरीखाली त्यांचा डावा हात अधूनमधून बाजूला जायचा. नर्सला वाटायचं, पाणी हवंय. आत्या तिला समजावायची, पाणी नको, ते अडवतायत.

ते गेले. दहाव्या दिवशी आम्ही यमुनेच्या घाटावर. मुलगा नाही, म्हणून सगळं माझ्या आतेबहिणीनेच केलं. गुरुजींनी घटकाभर आभाळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो.

दिल्लीचे कावळे आता फार उरलेले नाहीत. घारी मात्र मुबलक. पहिल्यांदा एक घारच खाली आली आणि गुरुजींनी छत्री उगारली. माझ्या नवऱ्याने हळूच विचारलं की घार चालणार नाही का, तीही केंद्रशासित प्रदेशातलीच आहे. आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी कावळे आले. भिंतीवर ओळीने बसले, बघत राहिले आणि पिंडाला शिवेनात.

आपल्यात अशा वेळी काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. माणसाची काही इच्छा राहिलेली असते. ती ओळखायची आणि मोठ्याने शब्द द्यायचा. आतेबहीण म्हणाली, बाबा, आईला मी सांभाळीन. कावळे ढिम्म. जावई म्हणाले, फ्लॅटचे कागद पूर्ण करून घेतो. ढिम्म. माझे वडील थरथरत्या आवाजात म्हणाले की बहिणीला काही कमी पडू देणार नाही. एका कावळ्याने पंख खाजवला. ऊन चढत होतं.

आतोबांच्या संघात बॅकला खेळणारे एक बंगाली गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. गुडघे गेलेले, हातात काठी, पण घाटाच्या पायऱ्या उतरून आले होते. ते मागून पुढे झाले आणि कावळ्याकडे बघून म्हणाले, "उस गोल में अब पेनल्टी नहीं घुसेगी। हमारी ज़िम्मेदारी।"

कावळा उडाला, खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळे रडले, दादा सगळ्यांत जास्त. घरी परत येईपर्यंत आत्याच्या डोळ्यांत मात्र वेगळंच काही आलं होतं. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं की शब्द तर दिला, पण पाळणार कोण? दादांचे गुडघे गेलेले. हाफबॅक नोएडात मुलाकडे आणि त्यांना ऐकू येत नाही. बाकीचे एकतर वर गेले किंवा गावी. सरकारी माणसांनी आश्वासन दिलं, अंमलबजावणी कुणाच्या गळ्यात? तिचं उत्तर तयार होतं. ज्याच्या नावाने शब्द दिला, त्याच्याच गळ्यात. सुटायला निघाले होते, आणि यांनी परत ड्यूटीवर लावलं.

तेव्हापासून आत्या मैदानावर जाऊ लागली. मयूर विहारहून मेट्रो, मंडी हाउसला गाडी बदलायची, दिल्ली गेटला उतरायचं. पिशवीत आसन, चहाचा थर्मास आणि स्टीलचा डबा. कब्रस्तानाकडच्या गोलमागे पायरीवर बसायची. हाफटाइमला लिंबाची एक फोड काढून शेजारच्या पायरीवर ठेवायची आणि तिकडे न बघता चहा प्यायची, कुणी खात असताना त्याच्याकडे बघू नये म्हणून. बहुतेक वेळा सोबत मी. दादाही असायचे, एक पायरी खाली, अपराधी चेहऱ्याने.

आणि त्या गोलवर पेनल्टी जाईनात. बाहेर जायच्या, बारवरून जायच्या, कीपरच्या छातीवर आपटायच्या. नेहमीच्या प्रेक्षकांत बोललं जाऊ लागलं. आता मी शपथेवर सांगते आहे, तर हेही सांगते की काही पेनल्टी गेल्याही. पण आत्याकडे प्रत्येकीचं कारण होतं. एक गुरुवारी गेली, तर गुरुवारी ते शेजारी जिन्नांकडे अर्ज ऐकायला बसतात. एक अगदी संध्याकाळी गेली, तर ती चहाची वेळ. एक संकष्टीला गेली, आणि उपासाच्या दिवशी त्यांना उडी मारवत नाही. आत्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. शिवाय त्या कारणांतली गुरुवारची युक्ती मीच सुचवली होती.

मी हसायचे. पण पेनल्टी चुकली की आत्याच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी हसू शकत नसे. तो आनंद नव्हता. आपण बाहेरून घरी यावं आणि खिडकीत दिवा दिसावा, तसं ते होतं.

आता आवाज खाली आणते.

महामारीचं दुसरं वर्ष. आत्याला लस द्यायला मी गाडीने दर्यागंजच्या बाजूला नेलं होतं. रस्ते रिकामे. परत येताना ती म्हणाली, जरा थांबव. स्टेडियमच्या फाटकाला साखळी आणि कुलूप. गजांतून दिसत होतं तेवढं गवत कमरेएवढं वाढलेलं, रेषा नाहीत, जाळ्या उतरवलेल्या, फक्त गोलचे खांब उभे. पायऱ्यांच्या भेगांतून पिंपळ उगवलेले. भिंतीपलीकडे कब्रस्तानात माणसं काम करत होती. त्या उन्हाळ्यात तिथल्या मातीला सुकायला उसंत नव्हती. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. रडणारे लोक घरातच अडकलेले होते. वारा नव्हता. दुपारचं पांढरं ऊन, आणि आम्ही दोघी तोंड झाकून गजांना धरून उभ्या.

टण्.

मी आत्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मग तेवढंच थांबून, अगदी तेवढंच, एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे चालत जायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून,

टण्.

फावडं दगडावर आपटलं असेल. तापलेलं लोखंड आवाज करतं. माझ्याकडे कारणं आहेत, आत्याच्या कारणांहून चांगली आहेत. पण तेव्हा त्यांतलं एकही मला आठवलं नाही. मला फक्त एवढंच आलं मनात की भिंतीपलीकडे रोज नवी माणसं येत आहेत आणि कुणीतरी त्यांना कडी वाजवून सांगतं आहे की मी इथे आहे, घाबरू नका. आत्या म्हणाली, "आहेत." गाडीने यमुनेचा पूल ओलांडला तरी मी एक शब्द बोलले नव्हते. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याला भुतापेक्षा याच गोष्टीवर विश्वास ठेवणं जड गेलं.

मैदान पुन्हा उघडलं. गवत कापलं, चुना पडला, आत्या पायरीवर हजर. दिवस गेले आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. आत्या बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. आणि आतेबहिणीच्या नवऱ्याची बदली हैदराबादला झाली. ते लोक इतके दिवस गाझियाबादला, बोलावलं की तासाभरात येणारे. आता आत्या फ्लॅटमध्ये एकटी, हात प्लास्टरमध्ये, आणि आजूबाजूला फक्त मी.

आतेबहीण समजवायला आली. मी चहा करत होते, म्हणजे ऐकत होते. तिने सगळं मांडलं. तिकडचं घर तळमजल्यावर आहे, आईची खोली वेगळी आहे, जवळ मराठी मंडळी आहेत. आत्या प्लास्टरवरून बोट फिरवत राहिली.

"आई, तू इथे एकटी कशी राहणार?"

"एकटी कुठे आहे?"

आतेबहीण सरकारी शाळेत मुख्याध्यापिका. ती शांतपणे म्हणाली, "मग बाबांनाही घेऊन चल."

"त्यांना सुटी कोण देणार? शब्द अडकलाय तिथे." आत्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "ते सुटले की येईन मी. त्याआधी नाही. गोलमध्ये त्यांना टाकून कशी जाऊ?"

"आणि ते सुटले हे तुला कळणार कसं?"

"कळेल. पेनल्टी जाईल. गुरुवार नसताना."

त्यानंतरच्या रविवारपासून, ज्या बाईला फुटबॉलमध्ये किती खेळाडू असतात हेही ठाऊक नव्हतं, ती माझी आतेबहीण आमच्यासोबत पायरीवर बसू लागली आणि कब्रस्तानाच्या बाजूला कुणी नुसतं शिंकलं तरी रेफरीला ओरडून पेनल्टी मागू लागली. हा तिच्या आईचा प्रश्न होता. सामान बांधायचं होतं, बदलीची तारीख जवळ येत होती, आणि एक म्हातारी बाई लोखंडाच्या दोन खांबांपायी हलत नव्हती. पेनल्टी मिळत नव्हती. एक मिळाली, ती दिव्याच्या खांबावरच्या घारींना उडवून गेली. आतेबहीण रडली. आत्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. तिला नक्की काय हवं होतं हे तिला तरी कळत होतं की नाही, मला सांगता येत नाही.

मग तो रविवार. बायकांच्या लीगची मॅच. इथे एक व्यक्ती मी मुद्दाम मागे ठेवली होती, नाटकात असं करावं लागतं. आत्याची नात, आतेबहिणीची मुलगी, कॉलेजात, मधल्या फळीत खेळणारी. उंची आजोबांची, जीभ दिल्लीची. जिंकल्या तर तिचा संघ वरच्या गटात जाणार होता, आणि त्यानंतर ती आईवडिलांसोबत हैदराबादला. म्हणजे या मैदानावरची तिची शेवटची मॅच.

हाफटाइमला ती धापा टाकत पायऱ्यांपुढच्या कुंपणाच्या जाळीपाशी आली. स्कोअर शून्य-शून्य. आत्याने डबा उघडला, एक फोड तिला दिली, एक शेजारच्या पायरीवर ठेवली. पोरीने लिंबू चोखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आजी, सेकंड हाफमध्ये आजोबांच्या साइडला अटॅक आहे. त्यांना सांग ना यार, थोडं जाऊ द्या."

"बाकीचं ते बघत नाहीत," आत्या म्हणाली. "फक्त पेनल्टी बघतात."

"मग बिल्कुल टेन्शन नाही. पेनल्टी आम्हाला कधी मिळतच नाही."

साल तिने मोज्यात खोचलं आणि पळत गेली. आत्या त्या मोज्याकडे बघत राहिली.

फेब्रुवारीची दुपार होती. धुरकट ऊन, खांबावर घारी, भिंतीपलीकडे कडुनिंब अगदी स्थिर. मॅच संपत आली. आमची पोर चेंडू घेऊन आत शिरली आणि गोलच्या तोंडाशी मागून कुणीतरी तिला पाडलं. शिट्टी. रेफरीने हात पुढे केला. इतक्या रविवारी ओरडून ओरडून पेनल्टी मागणारी माझी आतेबहीण या वेळी काहीच ओरडली नाही. तिने माझा दंड धरला, त्याची खूण दुसऱ्या दिवशीपर्यंत होती.

कॅप्टनने चेंडू आमच्या पोरीच्याच हातात दिला. तिने तो ठेवला, मागे आली आणि वर आमच्याकडे पाहिलं. दादांनी काठीवर हनुवटी टेकली आणि पुटपुटले, "ग़लती मेरी थी। कौए को कुछ और बोलना चाहिए था।"

नेहमीचे म्हातारे प्रेक्षक, ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांनी शेंगदाणे सोलणं थांबवलं. मी गोलकडे पाहिलं. समोरच्या संघाची कीपर, ठेंगणी, चपळ मुलगी, मधोमध वाकून उभी. आणि मी शपथेवर सांगते, मला त्या मुलीच्या डोक्यावरची रिकामी जागा भरलेली वाटली. एक काटकुळा माणूस मावेल एवढी. आता तो डावीकडे जाणार, या वेळी तो चुकणार नाही, हे मला हाडांत कळलं.

आत्या उभी राहिली. प्लास्टरचा हात पोटाशी, दुसऱ्या हाताने जाळी धरलेली. आणि ती बोलली. मोठ्याने, ठसठशीत, घरात बोलतात तशी. कीपरने चमकून मान वळवली. तेवढ्यात पोरीने चेंडू मारला. तो डाव्या खांबाच्या आतल्या अंगावर आपटला.

टण्.

आणि जाळीत गेला.

पुढचा गोंधळ मी थोडक्यात सांगते. पोरींचा ढीग झाला, त्यात खाली आमची. समोरचे कोच धावत रेफरीकडे गेले की माताजींनी कीपरचं लक्ष उडवलं. रेफरी सज्जन माणूस, जाळीपाशी आला आणि मला विचारलं की ह्यांनी काय म्हटलं. मी सांगितलं, आपल्या पतीशी बोलत होत्या. त्याने आत्याच्या शेजारी पाहिलं. पायरीवर लिंबाची फोड. त्याने माझ्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, कब्रस्तानाच्या भिंतीकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "उनसे कहिए, बातचीत मैच के बाद करें।" गोल कायम राहिला.

मॅच संपल्यावर सगळे पांगले, तेव्हा आत्या मैदानात उतरली. आम्ही रेषेबाहेर थांबलो. ती गोलपाशी गेली आणि चांगल्या हाताच्या पेरांनी डाव्या खांबावर वाजवलं. मग चालत जाऊन उजव्या. उभी राहिली, मान थोडी कलती करून, दार वाजवल्यावर आतून पावलं येतात का ते ऐकतो तशी. बराच वेळ उभी होती. अंधारायला आलं, भिंतीपलीकडे अजान झाली. काही वाजलं नाही. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा खिडकीतला दिवा मालवल्यासारखा होता, आणि चाल हलकी होती. लिंबाची फोड तिने पायरीवरून उचलली, पदराने पायरी पुसली. मेट्रोत मंडी हाउस गेल्यावर मुलीला विचारलं की हैदराबादला लिंबं कशी मिळतात.

ती हैदराबादला गेली. मी अजून कधीतरी एकटी त्या पायरीवर जाऊन बसते. पेनल्टी आता सर्रास जातात. मैदान चांगलं चाललं आहे, आणि मला तिथे फार एकटं वाटतं.

रेफरीला मी पूर्ण वाक्य भाषांतर करून सांगितलं नाही, सांगितलं असतं तर कदाचित गोल रद्द झाला असता. पण त्या दिवशी सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा आवाजात आत्या जे बोलली, ते शब्दशः हे होतं:

"अहो, सरका बाजूला. आपली नात आहे."